नकाशावर नसलेला वेनेलिंक

१२ मार्च २०११

नकाशावर मी नाही!

आन्सगारनं पाठवलाय. थिल्डेचा भाऊ, माझा मेहुणा. कोलोनला आयुष्यभर लोकांचे दात उपटले, आता निवृत्त झाल्यावर हे उपटतोय. भिंतभर मोठा गुळगुळीत कागद, वर ठळक अक्षरांत – ‘वेनेलिंक घराणे : उगम आणि प्रसार’. टेलिफोनच्या पुस्तकांतून जगातले सगळे वेनेलिंक शोधून काढले म्हणे. दुर्मीळ आडनाव आहे ना आमचं!

आमच्या ओल्डरबेकच्या आजूबाजूला ठिपक्यांचा पुंजका. खाली कोळशाच्या खाणींकडे थोडे – धाकटे मुलगे पोटामागे तिकडे गेले, त्यांचे. ब्रेमेनला दोन-तीन, कोलोनला तो स्वतः, रोस्टोकला माझी मुलगी. समुद्रापलीकडे मिसुरीत एक घोळका. बाकी सगळी जर्मनी कोरी. आणि पुंजक्याच्या मधोमध लाल चांदणी – ‘मूळ शेत’. म्हणजे हे घर! ज्या टेबलावर तो कागद पसरलाय ते हे टेबल! चांदणी आहे, पण तिथे ठिपका नाही. म्हणजे या शेतावर कोणी राहतच नाही. गाईंचं दूध भुतं काढतात.

फोन लावला. ‘आन्सगार, मी कुठाय?’

‘अरे, त्यात फक्त जन्माचे वेनेलिंक घेतलेत. तू मनाला लावून घेऊ नकोस.’

मनाला लावून घेऊ नकोस! तळपायाची आग मस्तकात गेली. कागद गुंडाळून गोठ्यात फेकून आलो.

१३ मार्च

परत आणला. खिडकीची काच फुटलीय तिथे लावला. उलटा.

सकाळपासून तेच डोक्यात. हे नाव मी मागायला गेलो होतो का? माझं चांगलं नीनहाउस होतं. एकोणऐंशी साली सासरा याच टेबलाशी बसून म्हणाला, ‘आन्सगारला शेण नको, त्याला पांढरा डगला पाहिजे. जाऊ दे. पण या शेतावर जो बसेल तो वेनेलिंक. इथे पहिल्यापासून तसंच आहे. कबूल असेल तर थिल्डेशी लग्न कर. नाहीतर टोपी उचल.’

कायदा तेव्हा नुकताच बदलला होता, नवऱ्यानं बायकोचं नाव लावलं तरी चालणार होतं. पंचक्रोशीत पहिला मी! घरजावई तो घरजावई, वर नावही बायकोचं! नेमबाजी मंडळाच्या उत्सवात शेजारचा ट्योने भर मांडवात ओरडला, ‘वेनेलिंकबाई, एक नाच होऊन जाऊ द्या!’ लोक पोट धरधरून हसले. माझी आई रडली. म्हणाली, ‘मुलगा दिला तो दिला, नावसुद्धा घेतलं मेल्यांनी.’

सहन केलं. थिल्डेसाठी केलं. नोंदणी कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, ‘आता माझ्याशी भांडून तुला जायला जागाच उरली नाही बघ.’ आणि हसत सुटली. तिचं हसू असं होतं की समोरच्यानं रागवायचं कसं?

नोव्हेंबरात गेली. आता मी एकटाच रागावतोय.

२ एप्रिल

आज कळलं हे प्रकरण नकाशाचं नाहीच.

थिल्डेचं नाव कबरीच्या दगडावर कोरायला दगडवाल्याला सांगितलं होतं. तिच्या नावाखाली माझ्यासाठी जागा सोड, असंही. आज त्याचा फोन. आवाज पडलेला. ‘आल्विन, रागावू नकोस. घराण्याच्या कबरीचा हक्क आन्सगारच्या नावावर आहे. त्याची परवानगी लागते. तो म्हणतो, तिचं नाव घाला, खाली काही नको.’

खाली काही नको!

बरोबर आहे, हक्क त्याच्या नावावर आहे. सासरा गेला तेव्हा थोरला मुलगा म्हणून त्यानं सही केली होती. त्या वेळी कोणाच्या डोक्यात येतं? कबरीवर तण मी काढतो. सर्व संतांच्या दिवशी फुलं मी नेतो. आणि हक्क त्याचा, का, तर तो त्या घरात जन्मला. जन्मला आणि पळाला!

३ एप्रिल

फोनवर तासभर. घसा बसला.

‘ती जागा घराण्याची आहे, आल्विन.’

‘मी कोण मग?’

‘तुमच्या गावी तुझ्या आईवडिलांची कबर आहे की. तिथे तुझी माणसं आहेत.’

‘माझी माणसं? माझी बायको तुमच्या कबरीत आहे, गाढवा!’

‘असं बोलणार असशील तर ठेवतो.’

ठेवला. परत लावला. उचलला नाही. म्हणजे मी मेल्यावर एकीकडे आणि थिल्डे दुसरीकडे. एकतीस वर्षं एका पलंगावर झोपलो आणि आता हा दातांचा डॉक्टर मला सांगणार मी कुठे झोपायचं!

२४ एप्रिल. ईस्टर.

वीब्का आली रोस्टोकहून. माझी मुलगी शहाणी आहे, पण शहाण्या मुलींचा एक त्रास असतो – त्यांच्याकडे उपाय असतात. अंडी सोलता सोलता म्हणाली, ‘बाबा, विधुराला जुनं नाव परत घेता येतं. एक सही. नीनहाउस व्हा पुन्हा, आणि मामाला म्हणावं, बस तुझं नाव घेऊन.’

‘आणि तुझ्या आईजवळ कोण जाईल? नीनहाउस?’

‘अहो, नावाचा नि त्याचा काय संबंध?’

‘तुझ्या मामाला विचार!’ टेबलावर हात आपटला. मीठ सांडलं. मग तिनंच मीठ गोळा केलं. जाताना मिठी जरा जास्त वेळ मारली.

१५ मे

बघा हिंमत! पेंटेकॉस्टच्या सणाला वेनेलिंक संमेलन भरवतोय आणि त्याला माझं धान्याचं कोठार पाहिजे! ‘मूळ शेतावरच व्हायला हवं ना, आल्विन. अमेरिकेहून लोक येतायत. सगळ्या पुरुषांच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नमुने घेतलेत, प्रयोगशाळेत गेलेत. एका शेतातून निघालेलं एकच रक्त – आता विज्ञानानं सिद्ध होईल.’

माझा कापूस कोणी मागितला नाही.

नाही म्हणून सांगितलं. गेला उडत.

१६ मे

हो म्हणून कळवलं. येऊ देत. बघू देत इथे कोण राहतं ते. कोठार झाडायला घेतलं.

१२ जून. पेंटेकॉस्ट.

छातीवर लावायला बिल्ले होते. हिरवा – जन्माचे. करडा – लग्नानं आलेले. मला करडा! माझ्या कोठारात, मी झाडलेल्या जमिनीवर, मी मांडलेल्या बाकांवर – करडा! मिसुरीहून आलेलं सात वर्षांचं कार्टं हिरवा बिल्ला लावून माझ्या कोंबड्या पिटाळत होतं. त्याला जर्मनमधून ‘पाणी’सुद्धा मागता येत नव्हतं.

आन्सगारनं भाषण केलं. आपली माती, आपलं रक्त, या उंबऱ्यावरून निघालेली पावलं. लोक डोळे पुसत होते. उंबरा मी दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा केलाय, जुना कुजला होता. सांगितलं नाही.

एक जाड अमेरिकन बाई हसत हसत माझ्याकडे आली. ‘आणि आपण कुठले वेनेलिंक?’

‘मी तो, ज्याच्या संडासातून तुम्ही आत्ता बाहेर आलात.’

भाषांतर करणाऱ्या पोरीनं काय सांगितलं कोण जाणे, बाईनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

नंतर सगळी वरात कबरीवर गेली. हार घातला. थिल्डेच्या ताज्या अक्षरांसमोर उभे राहून फोटो काढले, दात काढून! मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. ट्योने शेजारी येऊन उभा राहिला. तोच, मांडवात ओरडणारा. म्हणाला, ‘चल, तुला पाजतो. नाहीतर आज तू कोणाला तरी मारशील.’

पाजली.

१४ जून

फादर जोमोन वाटेत भेटले. केरळहून आलेत, तीन थंड्या काढल्या तरी जूनमध्ये स्वेटर. त्यांना सगळं सांगितलं, आवाज चढवूनच. ते सायकल धरून ऐकत होते. म्हणाले, ‘आमच्याकडे तर घराचंच नाव लागतं माणसाला. घर कुठलं विचारलं की माणूस कळला. यात भांडण्यासारखं काय आहे?’

‘ते माझ्या मेहुण्याला सांगा, फादर.’

‘परवा सांगून पाहिलं. म्हणाले, हे केरळ नाही.’

११ जुलै

गवत कापलं. दिवसभर कोणाशी बोललो नाही. बरं वाटलं.

३ सप्टेंबर

हा हा हा!

कापसांचे निकाल आले. सगळ्यांना गेले, त्यामुळे तासाभरात सगळ्या ओल्डरबेकला ठाऊक. ट्योने धावत आला, तोही या वयात! एकच रक्त? बोडख्याचं एकच रक्त! मिसुरीवाल्यांचं ब्रेमेनवाल्यांशी जुळतं, बस. खाणींकडचे वेगळे. पलीकडच्या गावातले आणखी वेगळे. आणि आन्सगार? कोणाशीच नाही! एवढ्या मोठ्या नकाशावर त्याच्या रक्ताचा दुसरा ठिपका नाही!

अरे, होणारच! या भागात नाव बापाकडून येतच नव्हतं, शेताकडून येत होतं. शेतावर मुलगा नसला की मुलीचा नवरा यायचा आणि वेनेलिंक व्हायचा. विधवेनं दुसरं लग्न केलं, तो नवराही वेनेलिंक. मुलगा दुसऱ्याच्या शेतावर गेला की तिथलं नाव लावायचा. या घराण्यात घरजावई नाही अशी पिढी शोधावी लागेल. आन्सगारचा खापरपणजोबा पलीकडच्या गिरणीतून आलेला, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. सासरा म्हणाला होताच, इथे पहिल्यापासून तसंच आहे. ते मला सांगितलं आणि स्वतःच्या मुलाला सांगायचं राहिलं! हे नाव रक्तात नव्हतंच कधी. शेणात होतं! आणि शेण कोणी काढलं?

फोन लावला. हे सगळं त्याला ऐकवलं, एका दमात. गिरणीवाल्याचा पोर म्हणालो. करडा बिल्ला तुझ्या छातीवर लाव म्हणालो.

तो हळूच म्हणाला, ‘हं.’ आणि ठेवला.

हं? बत्तीस वर्षांनी माझी पाळी आली आणि हा नुसता हं म्हणतो! सगळी मजा घालवली हरामखोरानं.

१८ सप्टेंबर

आन्सगार येऊन गेला. न कळवता. दारात उभा होता तेव्हा आधी ओळखलंच नाही. कोट खांद्यांवरून लोंबत होता. जूनमध्ये असा होता का? जूनमध्ये मी त्याच्याकडे बघितलंच नाही धड.

कॉफी दिली. कप हातात धरून बसला, प्यायला नाही.

‘आल्विन, त्या कबरीत जागा किती आहेत माहीत आहे?’

‘चार.’

‘आई. बाबा. थिल्डे.’

चौथी त्याला पाहिजे. कर्करोग आहे, स्वादुपिंडाचा. ख्रिसमस बघीन म्हणतो, पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.

‘कोलोनमध्ये मला कोण आहे?’ म्हणाला. ‘बायको सोडून गेली, मूलबाळ नाही. शेत मी सोडलं, मान्य. जाताना नाव तेवढं घेऊन गेलो. म्हटलं, ते दाखवून शेवटी परत आत घेतील.’

मी इतका भडकलो! उठून उभाच राहिलो. ‘मग नकाशे कसले काढत बसलास? अमेरिकन कशाला गोळा केलेस? सरळ येऊन सांगायचं होतंस – आल्विन, मी मरतोय, मला आईजवळ जायचंय!’

‘सांगितलं असतं तर सोडली असतीस जागा?’

थिल्डेच्या शेजारची जागा आहे ती! कोणीही मागावी आणि मी सोडावी? तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं. गाडीपर्यंत पोचवायला गेलो नाही. खिडकीतून बघत राहिलो.

२९ सप्टेंबर

फादर जोमोनना विचारून आलो. शवपेटी एकच मावेल, पण राखेचा कलश त्याच कबरीत वरच्या अंगाला ठेवता येतो. आमच्या दोन्ही घरांत आजवर कोणाला जाळलेलं नाही.

आन्सगारला फोन केला. म्हटलं, ‘पेटीत तू जा. मला जाळतील. पण कलश थिल्डेच्या बाजूला – तेवढं तरी ऐक माझं, मेहुण्या!’