वेधशाळेच्या दारातले बूट

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ऑफिसातून परतताना युनिव्हर्सिटीच्या जुन्या वेधशाळेत गेले. अडीचशे वर्षांची इमारत, आत तेवढीच जुनी दुर्बीण. बाबांनी साताऱ्याच्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलं, पण अशी दुर्बीण फक्त पुस्तकात पाहिलेली. मागच्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे परदेशात आले तेव्हा त्यांना इथे आणलं, तर ते दारातच बूट काढू लागले.

"बाबा, हे काय देऊळ आहे? लोक बघतायत!" केवढ्यांदा ओरडले मी.

त्यांनी निमूट बूट परत घातले. मग दुर्बिणीपाशी एक प्रश्नही विचारला नाही त्यांनी.

मार्चमध्ये बाबा गेले.

आज मी दारात बूट काढले. तिकिटाच्या बाई एवढंच म्हणाल्या, "फरशी गार आहे हं." बाकी कोणी वळूनही पाहिलं नाही. मग तेव्हा मला लाज कोणाची वाटली? बाबांचीच ना.