सरोजाअक्कांचा माड

६ ऑक्टोबर
आज पुन्हा! भुवनासाठी उपमा करून ठेवला, आणि ही बया शेजारी सरोजाअक्कांकडे पणियारम, म्हणजे आपले आप्पेच, खाऊन आली. "अम्मा, त्यांनीच बोलावलें." लेक बाळंतपणाला माहेरी आलीय, आठवा लागलाय, आणि खाते शेजारी! तेही नेमकं एवढा वारा सुटलेला असताना. तमिळ मुलखातल्या या घरात देवनागरी कुणाला वाचता येत नाही म्हणून मोकळं लिहिते — मला राग येतो.

९ ऑक्टोबर
अक्कांचा माड आमच्या स्वयंपाकघरावर आणखी झुकलाय. त्या तोडणारच होत्या, माणूसही ठरवला होता. पण घरात पोटुशी असली की फळतं झाड तोडायचं नाही, शेजारचंही नाही — ही आमच्या घरची रीत. आमचे अनिरुद्धराव गेल्या महिन्यातच हात जोडून सांगून आले, "बाळ होऊं दे, मग तोडा." बिचाऱ्या थांबल्या.
आणि हे निर्धास्त. म्हणे, घराचा विमा आहे!

१४ ऑक्टोबर
देवा, तुझे उपकार कसे फेडू! संध्याकाळी वादळ झालं, माड कोसळला. कौलं, ओटा, फ्रिज — सगळ्याचा चुराडा. भुवना रोज खिडकीशी बसते त्या खुर्चीवर खोड पडलंय. आणि ती? अक्कांकडे पुळियोदरै, तो चिंचेचा भात, खात होती!
पुन्हा त्यांच्या खाण्याला नावं ठेवीन तर शपथ.

१७ ऑक्टोबर
विमा कंपनीचा सर्व्हेयर आला — प्रवीणकुमार. छप्पर विम्यात बसतं म्हणाला. फ्रिज, भांडी नाहीत. कुंपणाची भिंतही नाही. मी समजत होते, घराचा विमा म्हणजे घरातलं सगळं आलं!
मग विचारतो, "झुकलेलं झाड शेजाऱ्यांनी का नाही तोडलं? त्यांचा निष्काळजीपणा असेल तर कंपनी तुम्हाला छपराचे पैसे देईल आणि त्यांच्याकडून वसूल करेल."
अक्का आमच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं. "यांनीच थांबवलं" एवढं म्हणायला काय हरकत होती? चकार शब्द काढला नाही!

१८ ऑक्टोबर
यांनी लिहून दिलं — झाड आम्हीच तोडू दिलं नाही.
प्रवीणकुमार हळहळला. "सर, धोका तुम्हीच ठेवून घेतलात असं होईल. छपराचेही मिळणार नाहीत."
"ना मिळूं देत," हे म्हणाले.
एरवी मी यांचं कौतुक करत नाही. आज करते.

३ नोव्हेंबर
कंपनीने नकार कळवला. छपरावर पत्रे टाकलेत, ते तडतडतात. स्वयंपाक अक्कांच्याच चुलीवर — दोघी मिळून. माझा उपमा त्यांना आवडतो!

२९ नोव्हेंबर
मुलगी झाली! दोघी सुखरूप.
दवाखान्यात अक्कांचे हात धरले. म्हटलं, त्या दिवशी तुम्हाला पुळियोदरै करायची बुद्धी झाली, केवढं आमचं नशीब!
"नशीब कसलं, सुप्रभा," त्या म्हणाल्या. "झाड तोडता येईना. मग वारा सुटला की पोरीलाच हाक मारायची. नुसतं ये म्हटलं तर येते का? काहीतरी खमंग करायला घ्यायची."