खाणीतल्या लाटा

मंगळवार, ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. माझंही ठीक चाललंय. मुकादम झाल्यापासून खाणीतले लोक मला तोंडावर ‘बाई’ म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते विचारू नकोस.

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली.

काल पूर्वेच्या बाजूला चुनखडीचा एक थर उचकटला. खाली लाटा! ओहोटीनंतर वाळूवर वळ्या उरतात ना, तशाच, पण दगडाच्या. आणि त्यांच्यावरून कुठल्याशा किड्याचा सरपटत गेलेला माग, मध्येच वळून मागे फिरलेला. तू दाखवला होतास तसाच. मी यंत्र बंद करवलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. जेवताना उठते, दार उघडते, परत येते.

तुझा तो दगड मी सांगितलं तसा आपोआप फुटला नव्हता, दादा.

तेव्हा बाबा दवाखान्यात होते. तू गाडीतून उतरून थेट खाणीत गेलास. बाबा सारखे विचारत होते, “आला का गं?” मी म्हणत होते, “वाटेत आहे.” संध्याकाळी तू आलास, पँटीला पांढरी भुकटी, आणि त्यांना त्या किड्याचीच गोष्ट सांगत बसलास. बाबा हसले. आठ दिवस मी उशाशी होते, माझ्यासाठी एकदाही हसले नव्हते.

“त्या दगडाला महिनाभर हात लावू नका,” असं तू बजावून गेलास. बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी स्वतः करवत चालवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस फरश्या निघाल्या.

तुझ्याकडे एक धूसर फोटो उरला. इतक्या जुन्या थरात असा जीव असणंच शक्य नाही, म्हणून तुझ्याच संशोधक मंडळींनी तुला थापाड्या ठरवलं. तू संशोधन सोडलंस. वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं “अरेरे” म्हणाले.

आज मालकांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “शनिवारपर्यंत तिथलं काम थांबवतो. पुढे तुमच्या जागी दुसरं माणूस बघीन.” बघू देत. थरावर ताडपत्री घातलीय, तिथून कुणाला चालू देत नाही. तुला खोटं ठरवणाऱ्यांनाही घेऊन ये, त्यांनी स्वतः हात लावून बघावं.

फोनवर हे बोलता आलं नसतं. पत्र आपल्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय, उद्या पोचेल.

‘माफ कर’ लिहिलं होतं, खोडलं. आधी येऊन दगड बघ. मग काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

तुझा दगड कापणारी,
तुझीच धाकटी