डाव्या कोपऱ्यातली छत्री

प्रिय शलाका,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी जे लिहिते ते नीट वाच. अक्षर वाकडं आहे म्हणून हसू नकोस. तिसरीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं लांबलचक लिहायची पाळी कुणी आणली नव्हती. फोन का नाही केला म्हणशील. तुझा फोन लागला की तुझी आई तो स्पीकरवर टाकते, तुझा बाप तिथेच पेपर धरून कान देऊन बसलेला असतो, आणि तू दोन मिनिटांत 'आजी, मीटिंग आहे' म्हणून ठेवून देतेस. मला बोलायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही, आणि तुझ्या आईबापासमोर तर नाहीच नाही.

तू बंगलोरला गेलीस तेव्हापासून माझे रविवार सुटले. पहाटे पाचला पांघरूण ओढून 'आजी चल, आज उजेड चांगला आहे' असं कुणी म्हणत नाही. उजेड चांगला नि वाईट असतो हे बहात्तर वर्षांत मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकलं. पोरगी एकटी कुठे भटकणार म्हणून तुझ्या आईने मला तुझ्यामागे बांधून दिली, आणि माझे गुडघे कुणी विचारले नाहीत. नदीच्या पुलाखाली तू मला मुंग्यांच्या वारुळाशेजारी दीड तास बसवलंस. का, तर पाण्यात एक माणूस म्हशी धूत होता, तो हलला पाहिजे. म्हशींना कसली घाई. शेवटी मीच ओरडून सांगितलं की बाबा, या पोरीला तू नसलेलं पाणी हवंय, जरा पलीकडे घे. तो म्हणाला, पाणी तर रोज इथेच आहे, त्याचा फोटो कशाला. मला पटलं. तुला नाही.

सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारमधल्या जुन्या बराकी आठवतात ना? आपण दोघी भिंतीकडे टक लावून उभ्या, तर आतून ती सिंधी म्हातारी घाबरी होऊन बाहेर आली. तिला वाटलं, घर पाडायच्या आधी मोजणी करायला कुणी आलंय. माझ्या मोडक्या हिंदीत मी तिची समजूत घातली. मग तिने पाणी दिलं, सोबत भाजलेला पापड दिला, तशी त्यांची रीत आहे. पापड खाऊन झाल्यावर तू तिलाच म्हणालीस, आंटी, थोडा अंदर जाओ, खाली दरवाजा चाहिए. तिच्या दारातून तिलाच आत घालवलीस. मला इतकी लाज वाटली की निघताना मी तिचे दोन पेले विसळून दिले.

तुझ्या सगळ्या फोटोंत पूल आहे, धरणाची भिंत आहे, बंद कारखान्याची चिमणी आहे. माणूस म्हणून नाही. गावात पटकी येऊन गेल्यासारखं वाटतं. आणि जो हाकलून जात नाही त्याला तू कॉम्प्युटरवर पुसतेस. विजेच्या तारा पुसल्यास, कचऱ्याचा ढीग पुसलास, एकदा तर उभीच्या उभी रिक्षा पुसलीस. असं एवढ्या सहज पुसता येतं हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

आता मुद्द्यावर येते. अंबरनाथला देवळाबाहेरचा रस्ता रुंद करताहेत. तिथे बेलफुलं, नारळ विकणाऱ्यांना पलीकडे पक्के गाळे देणार आहेत, पण वर्षभरापूर्वीपासून तिथे बसत असल्याचा फोटो ज्याच्याकडे असेल त्यालाच. नारळवाल्या शीलाकडे फोटो निघाला, तिच्या पोराने वाढदिवसाचा काढलेला. जनाबाईकडे काही नाही. तिच्याकडे बटणांचा फोन, आणि पोरंबाळं नाहीत. सव्वीस वर्षं एका जागी बसली बाई, आणि आता तिनेच पटवून द्यायचं की मी इथे होते. पंचवीस तारखेला यादी बंद होतेय.

जनाबाई कोण ते तुला सांगायला नको. त्यातली एकवीस वर्षं मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले. माझ्या टोपलीतला बेल संपला की तिच्यातला उचलायचा, तिची फुलं संपली की माझ्यातली. मग मला त्या उन्हात चक्कर आली, आणि ही बया माझ्या नकळत घरी येऊन तुझ्या बापाला सांगून गेली की कौसा दोनदा पडली, तिला आता पाठवू नका. दुसऱ्या दिवसापासून माझा धंदा बंद. तेव्हापासून मी तिच्याशी बोलले नव्हते. देवळात गेले तरी दुसऱ्या बाजूने जायची. माझी काळी छत्री मात्र तिच्याकडेच राहिली, तुझ्या पिवळ्या फ्रॉकच्या तुकड्याचं ठिगळ लावलेली. ती परत मागायला मला कमीपणा वाटला, आणि ती उघडून खुशाल बसायची.

गेल्या मंगळवारी जनाबाई आपल्याकडे आली. लिफ्ट बंद होती, तीन मजले चढून आली. धापा टाकत हॉलमध्ये बसली आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत राहिली, तोच, दोन वर्षांपूर्वी काढलेला देवळाचा, ज्याला तुझ्या ऑफिसात बक्षीस मिळालं. शीलाने तिला सांगितलं होतं की कौसाच्या नातीने देऊळ काढलंय, त्यात तू असणारच. मग उठली, चष्मा कपाळावर ढकलला, आणि डाव्या कोपऱ्यातल्या मोकळ्या फरशीवर बोट ठेवून मला म्हणाली, "मी इथेच बसते ना गं, कौसे?"

मी म्हणाले, कॅमेऱ्यात मावली नसशील. ती बरं म्हणाली. चहा प्यायली, कप स्वतः आत नेऊन ठेवला, आणि माझे गुडघे कसे आहेत विचारून गेली.

शलाका, तुझी तक्रार करायला हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण तो फोटो कॉम्प्युटरवर साफ करताना तू काय म्हणालीस ते मला चांगलं आठवतंय. तू म्हणालीस, आजी, ही छत्री राहू दे, पिवळं ठिगळ काय छान दिसतंय. हजार फोटोंत एकदाच तुला माणूस ठेवावासा वाटला. मीच म्हणाले, काढून टाक तिला, देऊळ नासतंय. तुझ्या शेजारी बसून मी बोटाने दाखवलं, आधी छत्री, मग टोपली, मग ती. तू पुसत गेलीस आणि मला गार वाटलं. तू एकदा म्हणाली होतीस की खरा फोटो मी कधी टाकत नाही, तो वेगळा ठेवते. तो काढ. बाजूला तारीख येते तशी घालून तुझ्या बापाच्या फोनवर पाठव, मी त्याच्याकडून छापून घेईन. दोन प्रती. एक जनाबाईला मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि कुणी पुसलं होतं तेही मीच सांगणार आहे, तू मध्ये पडू नकोस. भिंतीवरचा फोटो मी उतरवून कपाटामागे ठेवलाय. खिळा तसाच आहे. पंचवीसच्या आत दुसरी प्रत तिथे लागली पाहिजे.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेच.

तुझीच,
कौसाआजी
कात्रप, बदलापूर