सुलतान बाजारातली खूण

मी, नीलिमा भगवंतराव औरादकर, वय त्र्याहत्तर, राहणार हिमायतनगर, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलापाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि शेजारच्या भाग्यलक्ष्मी यांनी काल माझ्याशी पत्ते खेळून, हरून, खात्री करून घेतली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकिलांनी इंग्रजीत लिहा असे सुचवले. मी म्हटले, "भांडण झालंच तर मराठीत होईल. कागदही मराठीत असू द्या." माझी मुलगी ईशा हिला मराठी वाचायला वेळ लागतो. तिने सावकाश वाचावे.

माझा आजार पोटात आहे. त्याचे चित्र यंत्राने काढले. सीमा स्पष्ट होत्या. मी नोकरीभर नकाशे आखले. असे चित्र मला वाचता येते. जागेवर जाऊन ते तपासण्याची मात्र सोय नाही. म्हणून हा कागद.

कलम एक. घर

हिमायतनगरचे राहते घर माझ्या वडिलांनी मला दिले. त्याची चतुःसीमा अशी : पूर्वेस भाग्यलक्ष्मी यांचे घर. दक्षिणेस गल्ली. पश्चिमेस बहुमजली इमारत, जिथे चिंच होती. उत्तरेस मोटारींचे गॅरेज, जिथे लाकडाची वखार होती.

वकील म्हणाले, चतुःसीमेत आज जे आहे तेच लिहितात, होते ते काढून टाका. ते बरोबर आहेत. पण मी काढण्याआधी कागद माझे पती भगवंतराव यांच्या हाती लागला. त्यांनी एवढेच कलम वाचले. म्हणाले, "चिंच होती काय? आहे." पेन्सिलीने दुरुस्ती केली आणि समासात लिहिले : जागेवर तपासले. खाली सही. सर्वेक्षणाच्या नोकरीत प्रत्येक शीटवर ते हाच शेरा मारीत. मी तो तसाच ठेवला आहे. नोंदणीत अडचण आल्यास वकिलांनी आपली बुद्धी वापरावी.

माझ्या पश्चात या घरात तहहयात राहण्याचा हक्क भगवंतरावांचा. त्यांच्यानंतर घर ओंकार आणि ईशा या माझ्या दोन्ही मुलांचे, समान. भगवंतराव असेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि स्वयंपाकघराची भिंत पाडून मोठा हॉल करू नये. शेवटची अट पल्लवीसाठी आहे. सून म्हणून माझी तिच्याविषयी दुसरी तक्रार नाही.

कलम दोन. भगवंतराव

माणूस मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकील म्हणाले. तरी लिहिते.

आमची ओळख भांडणातून झाली. हे फील्डवर जाऊन मोजणी करीत. मी कार्यालयात, लेप दिलेल्या प्लास्टिकवर सुईने त्यांच्या रेघा कोरून पक्क्या करीत असे. एके दिवशी हे शीट घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"माझा नाला सरळ कोणी केला?"

"मी. रेघ थरथरत होती."

"रेघ नाही, नाला थरथरतो, बाई. पाणी कधी सरळ जातं का?"

मी नाला पुन्हा कोरला. पुढच्या वर्षी लग्न झाले.

आम्हा दोघांचा नियम एकच होता. पाहिल्याशिवाय नकाशावर काही चढवायचे नाही. गावाचे नाव तिथे राहणाऱ्याला विचारायचे, वाटेने जाणाऱ्याला नाही. आमच्या मुलांना श्लोक थोडे आले. हा नियम आला.

आता भगवंतरावांना काल आठवत नाही. पूर्वीचे हैदराबाद आठवते, गल्लीगल्लीने. सकाळी ते नारायणगुड्याकडे गफूरभाईंच्या हॉटेलात चहाला जातात. डॉक्टरांनी सांगितले आहे, चालणे बंद करू नका. ते बंद झाले की बाकीचेही बंद होईल.

कलम तीन. हत्यारे आणि राग

कोरण्याच्या सुया, भिंगे, आणि हवाई छायाचित्रे जोडीने पाहण्याचे यंत्र ईशाला. तिच्या कंपनीत यांचा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. तिने ती हाताळावीत. सुयांना तेल लावावे.

मोजणीची तिपाई कोणाला देता येत नाही. ओंकारने ती मित्राच्या हॉटेलला सजावटीसाठी दिली. तिच्यावर आता मेन्यू ठेवतात. मी पाहून आले आहे. ओंकारवरचा हा राग मी बरोबर नेत नाही, इथेच ठेवून जाते. त्याने तिपाई परत आणली तर राग आपोआप रद्द समजावा.

साड्या भाग्यलक्ष्मी यांना द्यायच्या होत्या. त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही मिळत नाही. म्हणून साड्या काल दिल्या. "इप्पुडे एंदुकम्मा, आत्ता कशाला?" म्हणाल्या, आणि घडी मोडून पदर पाहू लागल्या.

बँकेतील ठेवी भगवंतरावांच्या देखभालीसाठी. व्यवस्था ईशाने पाहावी.

कलम चार. बाबांचा नकाशा

ईशा माधापूरच्या एका कंपनीत नकाशांचे काम करते. उपग्रहाच्या चित्रावरून यंत्र छपरे आणि रस्ते ओळखते, लोकांच्या खिशातले फोन वाहतूक कळवतात, आणि ईशा यंत्राच्या चुका काढते. "नकाशा आता पूर्ण होत नाही, आई," ती म्हणते. "चालूच असतो." आमचा छापून झाला की थांबे, जग पुढे जाई. तिचा थांबत नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

गेल्या वर्षी तिने बाबांच्या फोनमध्ये गफूरभाईंच्या हॉटेलापर्यंतचा आणि परतीचा रस्ता घातला. नकाशा अचूक होता. मी स्वतः तपासला. परतताना फोन म्हणाला, मोबाइलच्या दुकानापाशी उजवीकडे वळा. यांना तिथे इराण्याचे हॉटेल हवे होते. ते पाडून बरीच वर्षे झाली. इराणी दिसेना, म्हणजे रस्ताच चुकला, असे समजून हे पुढे जात राहिले. दुपारी गफूरभाईंचा फोन आला.

"अम्मा, साब मिल गए. मेट्रो के खंबे के पास खड़े थे. मेरे पासइच हैं, चाय पी रहे. परेशान नक्को हो."

मग यांनी फोन घेतला. "नीलिमा, ह्या शीटवर सगळं चुकलंय. फील्डवर कोण गेलं होतं?"

ईशा शेजारी होती. म्हणाली, "कोणी नाही, बाबा. मशीन काढतं."

"मग मशीनला पाठव."

ती हसली, आणि मग रडली. त्या आठवड्यात आम्ही दोघी या टेबलापाशी बसलो. मी सांगितले, तिने चढवले : इराण्याचे हॉटेल, फोटो स्टुडिओ, वखार, चिंच. फक्त यांच्या फोनपुरते. वखारीपाशी तिचा हात थांबला.

"आई, नसलेली गोष्ट मी आजवर कधी चढवली नाही."

"मीही नाही."

मग तिने वखार चढवली, आणि विचारले, "दार कुठल्या बाजूला होतं?"

फोनमधल्या अनोळखी बाईचे हे ऐकेनात, म्हणून आवाज माझा भरला. "अहो, इराण्याच्या हॉटेलापाशी उजवीकडे." हे फोनला उत्तर देतात, "कळतं मला." आणि वळतात. तेव्हापासून रोज घरी येतात.

हा नकाशा ईशाने सांभाळावा. कंपनीचे यंत्र आपोआप दुरुस्त्या करते; त्यांतली एकही या नकाशाला लागू देऊ नये. रस्ता खणला, बंद झाला, तर तेवढे बदलावे, कारण पाय आजच्या रस्त्यावर पडतात. बाकी सर्व आहे तसे.

कलम पाच. ओंकारचे म्हणणे

ओंकारला बाबांना कोंडापूरला आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचे आहे. तिथे लिफ्ट आहे, पहारा आहे, फिरायला आखलेली वाट आहे. तो मनापासून म्हणतो. दिवाळीत यांना नेले होते. हे गॅलरीत उभे राहिले आणि म्हणाले, "जमीन कुठं आहे?" संध्याकाळपर्यंत चप्पल काढली नाही.

ओंकार मला म्हणाला, "आई, तू त्यांना खोट्या नकाशावर चालवतेस."

"ते खऱ्या घरी पोचतात."

मला ते उत्तर पुरेसे वाटले नाही. पण दुसरे सापडलेले नाही. म्हणून अट लिहिते : भगवंतराव चालू शकतात आणि परत येतात तोवर त्यांना या गल्लीतून हलवू नये. ते थांबतील तेव्हा ओंकारने न्यावे. त्या दिवशी त्याचे म्हणणे खरे झाले असेल, आणि ईशाने वाद घालू नये.

कलम सहा. माझी खूण

आम्ही घरातले सगळे फोनच्या नकाशावर एकमेकांना खुणेने दिसतो, ही ईशाची सोय. मी सुलतान बाजारात जाते तेव्हा हे माझी खूण पाहत बसतात. फोन करतात. "अजून तिथंच? घर बांधतेस काय?" मी म्हणते, "ब्लाउजपीसचा रंग जुळत नाही." यांना ते पटते. कापडाच्या दुकानात मला वेळ लागतो, हे ते विसरलेले नाहीत.

मी गेल्यावर यांना एकदा सांगावे. ओंकारने सांगावे, शेजारी बसून, हात धरून, पूर्ण खरे. यांनी रडावे. तो यांचा हक्क आहे आणि मी तो काढून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी हे विचारतील, नीलिमा कुठे आहे. खरे सांगितले तर ती बातमी पुन्हा पहिल्यांदाच कळेल. तिसऱ्या दिवशीही. मला रोज मारू नये.

ईशा, यांच्या फोनवर माझी खूण सुलतान बाजारात ठेव. पाहिल्याशिवाय काही चढवायचे नाही, हे मी तुला शिकवले आहे. ही एक खूण न पाहता चढव. हे असेपर्यंत ती पुसू नको. यांच्यानंतर सगळा नकाशा दुरुस्त कर : वखार काढ, चिंच काढ, इराणी काढ. मला शेवटी काढ.

यांनी विचारले, एवढा वेळ काय करते, तर रंग जुळत नाही म्हणून सांगावे.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला समजले, आणि खाली दिलेल्या दोन साक्षीदारांदेखत सही केली. सही चालू असताना भगवंतराव चहाहून परत आले.

ठिकाण : हिमायतनगर, हैदराबाद
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

(सही) नीलिमा भगवंतराव औरादकर

साक्षीदार :
१. (सही, तेलुगूत) भाग्यलक्ष्मी, शेजारी
२. (सही) डॉ. अविनाश खमितकर