सहापैकी पाच

३ फेब्रुवारी
जयाला लघवीला पुन्हा जळजळ. बिस्किटाच्या डब्यातून दोन गोळ्या दिल्या, माझ्या दाढेच्या वेळच्या उरलेल्या. संध्याकाळी फरक पडला. कोर्स पुरा करायची गरज नाही, बाकीच्या जपून ठेवल्या. घाटकोपरला पस्तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिलोय. बिल्डिंगवाले मला उगाच डॉक्टर म्हणत नाहीत.

९ फेब्रुवारी
जयाला ताप. दुसरी स्ट्रिप, तीन कॅप्सूल. फरक पडला. अंधेरीहून रश्मीचा फोन. म्हणाली, बाबा, पुरे झाली तुमची डॉक्टरकी, आईला दवाखान्यात न्या. शिकलेल्या पोरींना बापाची किंमत नसते.

१६ फेब्रुवारी, सकाळी १०
जया थडथड उडतेय. मला ओळखेना. रिक्षाने हॉस्पिटल, थेट आयसीयू. फॉर्मवर प्रश्न: तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का? 'नाही' लिहिलं. दोन-तीन गोळ्या म्हणजे काही घेणं नव्हे.

दुपारी ४
डॉक्टर शीतल, वयाने रश्मीएवढी. म्हणते, इन्फेक्शन रक्तात गेलंय, बीपी पडतंय. रक्त बाटलीत ठेवलंय. उद्या त्यात जंतू वाढले की मशीन तासाभरात सांगेल कुठली औषधं चालणार नाहीत. तासभर! मी नुसती स्ट्रिप बघून सांगतो. एक नाव सुचवलंही. तिने मला बाहेर बसायला सांगितलं. नवखी आहे, घाबरली असेल.

१७ फेब्रुवारी, सकाळी ११
रिपोर्ट आला! नर्सच्या टेबलावर उलटा वाचला. सहा ओळी, पाचांपुढे 'डिटेक्टेड'. सहापैकी पाच औषधं सापडली, म्हणजे डिस्टिंक्शन. रश्मीला फोनवर कळवलं, ती अंधेरीहून निघालीच होती. कॅन्टीनमधून तिच्यासाठी नि माझ्यासाठी शिरा आणला.

११.४०
वाट लागली. सापडली ती औषधं नाहीत. औषध हाणून पाडायच्या जंतूंच्या युक्त्या आहेत, मशीनने तशा पाच पकडल्या. कालपासूनचं इंजेक्शन बंद. आता एकच औषध उरलंय. ते लागू पडलं नाही तर काय, हे डॉक्टरने सांगितलं नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. भीती वाटतेय. शिरा तसाच आहे.

दुपारी १
डॉक्टरने पुन्हा विचारलं, घरी काय काय दिलं होतं? म्हटलं, नीट आठवत नाही. रश्मीने माझ्या पिशवीतून ही वही काढली आणि सरळ डॉक्टरच्या हातात दिली. माझी खाजगी वही! डॉक्टरने दोन वर्षांची पानं उलटली. लाल पेनाने अकरा तारखांखाली रेघा मारल्या. प्रत्येक तारखेपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, फरक पडला.

१९ फेब्रुवारी, सकाळी ९
ताप उतरला. जयाने डोळे उघडले! मी धावत कॉटजवळ गेलो. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मग सलाइनमध्ये इंजेक्शन सोडणाऱ्या नर्सकडे. बारीक आवाजात नर्सला विचारलं, हे ह्यांच्या डब्यातलं नाही ना?