आधी चाल कर

ओल्डेनबुर्ग, सोमवार

प्रिय वीबके,

"पापा, आता तू थकतोस," काल डाव संपल्यावर कॉफी पिताना तू म्हणालीस. मी हसलो. चाळीस वर्षं ग्रँडमास्टर आहे, एवढं ऐकून घेता येतं.

आमच्या क्लबाचा सामना तुझ्या क्लबाशी, आणि पटापलीकडे तू. माझी कोंडी केलीस, छान केलीस. मग बापाची दया आली आणि चाल करायच्या आधीच बरोबरी देऊ केलीस. मी नियमाप्रमाणे म्हणालो, "आधी चाल कर." तू घोडा हलवलास आणि तुझा राजा उघडा पडला. मला मात दिसली, तुला नाही. पण देऊ केलेली बरोबरी चालीनंतरही कायम असते; मी मात सोडली आणि बरोबरी घ्यायला हात पुढे केला.

हरलीस की तू लहानपणापासून पटाकडे बघत नाहीस, कोट चढवून थेट स्टेशन गाठतेस. बरोबरी झाली की समोर बसून डाव पुन्हा लावतेस. काल तासभर बसलीस. सगळ्या चाली तपासल्यास, तेवढी घोड्याची सोडून.

हे पत्र टपालात टाकणार नाही. ती चाल तुझी तुला सापडेल. त्या दिवशी फोन करू नकोस, गाडी पकडून ये. पट मांडलेला असेल.

तुझा, मुळीच न थकलेला,
पापा